गाडी तयार, माणूस कच्चा

आमच्या शेडच्या मागच्या भिंतीला लोकांच्या गाड्यांचे जुने बंपर रचून ठेवलेत. नवा लोखंडी बंपर बसवायचा तर मूळचा प्लॅस्टिकचा काढावा लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, "अण्णा, राहू दे इथंच, नंतर नेतो." नंतर कुणी येत नाही. किश्श्यांचंही तसंच आहे. लोक गाडी घेऊन जातात आणि किस्सा आमच्याकडे टाकून जातात. ढीग वाढतच चाललाय, आणि त्यातला एक जरी आठवला तरी माझं डोकं फिरतं.

आमची शेड बोम्मसंद्र्यात आहे. जिथं रस्ता संपतो त्याच्या पुढं जाणाऱ्या गाड्या आम्ही तयार करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी थोरली बहीण, अक्का. घर मल्लेश्वरमला, पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात बोलतो मराठी, भांडतो कन्नडमध्ये. गाड्या माझ्याकडे, गिऱ्हाइकं अक्काकडे. "अण्णा तोडतात, अक्का वेल्डिंग करतात," असं आमचे फिटर म्हणतात. ते गाड्यांबद्दल बोलत नसतात.

यंदा अक्कानं जाहीर केलं की ती दोन मैत्रिणींना घेऊन मनालीच्या पुढं स्पितीला जाणार. शेडमधली जुनी जीप घेऊन, स्वतः चालवत. वय एकसष्ट, डावा गुडघा दुखरा, मैत्रिणी दोघीही निवृत्त शिक्षिका. तिनं जाऊ नये म्हणून मी पावसाळाभर तिला हे किस्से एकेक करून ऐकवले. काही उपयोग झाला नाही, कारण तिला ते सगळे माहीत होते. आता तुम्ही ऐका.

* * *

एक साहेब आले. आयटीतले. त्यांना स्नॉर्कल हवा होता. स्नॉर्कल म्हणजे इंजिनाची हवा वरून, छपराच्या उंचीवरून घेणारी नळी. गाडी ओढ्यात उतरली तर इंजिनानं पाणी पिऊ नये म्हणून ती लावतात. आता नळी आत जायची तर मडगार्डला भोक पाडावं लागतं. मी ड्रिल हातात घेतलं आणि साहेबांचा चेहरा पडला.

"होल? अण्णा, रीसेल व्हॅल्यूचं काय? होल न पाडता नाही का लावता येणार?"

"येईल की," मी म्हटलं, "डोळे न उघडता चष्मा लावता येतो तसा."

ते रुसून गेले. पुढच्या पावसाळ्यात ट्रकवर लादून त्यांची गाडी आली. स्नॉर्कल मस्त चमकत होता. सकलेशपूरच्या बाजूला ओढ्यात घातली आणि इंजिन पाणी पिऊन जागच्या जागी बसलं. गाडीत त्यांची बायको आणि सासू होती. पाणी सीटपर्यंत आलं होतं. गावातल्या लोकांनी दोर टाकून बायकांना बाहेर काढलं. आणि साहेब मला विचारतात, "अण्णा, स्नॉर्कल असून पाणी गेलंच कसं?"

मी स्नॉर्कल एका हातानं ओढला. सुटून आला. कुठल्या तरी दुकानात त्यांनी तो बाहेरून नुसता चिकटवून घेतला होता. आत भोक नव्हतंच. मी तो त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "याची रीसेल व्हॅल्यू बघा आता."

अक्कानं त्यांना कॉफी दिली. मी दिली नसती. बायको-सासूला दोरानं ओढून काढायला लावणाऱ्या माणसाला कॉफी कसली?

हा किस्सा ऐकून अक्का म्हणाली, "माझ्या जीपला भोक पाड."

* * *

दुसरे एक गृहस्थ. चाकांत साधी हवा भरत नसत, नायट्रोजन भरत. त्याचा त्यांना फार अभिमान. आमच्या शेडमध्ये कुणी कॉम्प्रेसरची नळी घेऊन गाडीजवळ गेलं तरी ओरडायचे.

ते राजस्थानात वाळूत अडकले. वाळूत पहिली गोष्ट काय करायची, तर चाकांतली हवा निम्मी सोडायची. चाक पसरतं, गाडी वर येते. हे मी त्यांना इथं करून दाखवलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. तर हे गृहस्थ उन्हात टेकाडावर चढले, जिथं रेंज मिळाली तिथून मला फोन लावला.

"अण्णा, सकाळपासून अडकलोय. मुलांना चक्कर यायला लागलीय."

"हवा सोडली?"

"तीच तर अडचण आहे. तुम्ही हवा सोडायला सांगितली होती. माझ्या टायरमध्ये हवा नाहीये, नायट्रोजन आहे. इथं परत कुठं मिळणार?"

मी काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. मुलांना चक्कर येतेय आणि बाप गॅस वाचवतोय! त्यातल्या त्यात लिहिण्याजोगं एवढंच, की आपण नाकानं आत घेतो त्यातलाही बहुतेक नायट्रोजनच असतो, आणि तो तुम्ही फुकट वाया घालवताय.

पाच मिनिटांत गाडी बाहेर आली. आल्यावर त्यांनी इंटरनेटवर आम्हाला एक तारा दिला. "काम चांगलं, मालक उद्धट." त्यातलं दुसरं खरं आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

* * *

आमच्याकडे एक रिवाज आहे. गाडी द्यायच्या दिवशी मालकानं बरोबर न्यायचं सगळं सामान घेऊन यायचं आणि शेडमागच्या मोकळ्या जागेत निळ्या ताडपत्रीवर मांडायचं. मग मी एकेका वस्तूकडे बोट दाखवून विचारतो, "हे का?" उत्तर आलं तर वस्तू गाडीत. नाही आलं तर वस्तू घरी. त्यानंतर मालकानं स्वतःच्या हातानं एक चाक काढून स्टेपनी चढवायची. मगच अक्का टेबलाच्या खणातून किल्ली काढते. जड गाडी डोंगरात उलटते, आणि चाक बदलता न येणारा माणूस डोंगरातच राहतो. यात न कळण्यासारखं काय आहे?

एका पोरानं ताडपत्रीवर प्रोजेक्टर ठेवला.

"हे का?"

"कॅम्पवर रात्री तंबूच्या कापडावर व्हिडिओ बघणार."

"कसले?"

"ऑफ-रोड ट्रिपचे."

"ट्रिपला गेल्यावर ट्रिपचे व्हिडिओ बघणार?"

"आमच्या नाही, अण्णा. दुसऱ्यांच्या."

आणि त्या सगळ्या पसाऱ्यात फावडं नव्हतं. कॉफी करायची तीन यंत्रं होती.

* * *

चाक बदलण्यावरून एकजण पोलिसांत गेला. खरंच गेला. म्हणे मी त्याची गाडी अडवून ठेवली.

मी त्याला एवढंच म्हटलं होतं, चाक बदलून दाखव. तो म्हणाला, "त्यासाठी रोडसाइड असिस्टन्सचा नंबर असतो." मी म्हटलं, "सोळा हजार फुटांवर कोण येणार असिस्टन्सला? याक?" आवाज चढला. त्याचाही चढला. अर्ध्या तासानं तो इन्स्पेक्टरना घेऊन हजर.

इन्स्पेक्टर पोटानं भारदस्त, बोलणं हळू. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मग मालकाला विचारलं, "जॅक एल्लिदे? जॅक कुठाय गाडीत?"

त्यानं पुढचं बॉनेट उघडलं.

इन्स्पेक्टरनी वाकून आत बघितलं. नुसतं इंजिन. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात ते आपल्या ड्रायव्हरकडे वळले. "आपल्या जीपमध्ये कुठाय?"

"गोत्तिल्ला, सर." माहीत नाही.

त्या दुपारी आमच्या शेडमागं चिखलात दोन गाड्या शेजारी-शेजारी जॅकवर चढल्या होत्या. तक्रारदार आणि पोलीस ड्रायव्हर एकाच पान्यावर भांडत होते आणि इन्स्पेक्टर सावलीत खुर्ची टाकून अक्काची कॉफी पीत होते. तक्रारीचं पुढं काय झालं ते कुणी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

* * *

आता जो किस्सा सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही.

आनेकलच्या पुढं एक बंद पडलेली दगडाची खाण आहे. तिथं रविवारी गाड्यांचे शौकीन जमतात. एकदा मी आणि अक्का तिथं गेलो होतो, एका गिऱ्हाइकाची गाडी चालवून बघायला. पलीकडे एक जीप चिखलात रुतली होती. पुढच्या गाडीवाल्यानं ओढायचा पट्टा घेतला आणि आपल्या गाडीच्या मागं असलेल्या लोखंडी गोळ्यात अडकवला.

तो गोळा ट्रेलर जोडण्यासाठी असतो. हिसका मारून ओढायला नसतो. हिसक्यानं तो तुटतो, आणि तुटला की ताणलेला पट्टा त्याला गोफणीसारखा फेकतो. मी ओरडलो. धावत सुटलो. पण त्यांनी मोठ्यानं गाणी लावली होती. कुणालाही ऐकू गेलं नाही.

हिसका बसला, गोळा तुटून रुतलेल्या जीपच्या काचेतून आत गेला आणि ड्रायव्हरच्या सीटचं डोकं टेकायचं उशीसारखं असतं ना, ते फोडून मागं गेला. ड्रायव्हर खाली पडलेला मोबाइल उचलायला वाकला होता. मोबाइलनं वाचवलेला हा मी पाहिलेला पहिला माणूस.

मी पोहोचलो तेव्हा सगळे त्या काचेच्या भोकाचे फोटो काढत होते. ड्रायव्हर भोकात बोट घालून हसत होता. ज्यानं पट्टा अडकवला तो म्हणाला, "काय व्हिडिओ आलाय, भाई!" मी त्याच्या कानाखाली एक वाजवली. नंतर माफी माग असं सगळे म्हणाले. मी मागितली नाही, मागणारही नाही. जीपमधल्या त्या पोराला आई असेल की. तिला यांनी तो व्हिडिओ दाखवला असता का?

हा किस्सा मी अक्काला सगळ्यात शेवटी ऐकवला. मला वाटलं होतं, यानं ती हलेल. मी जेवत होतो, ती उद्याची भाजी निवडत होती.

"तू तिथंच होतास, व्यंकू," ती म्हणाली. "काय झालं तुझ्या असण्यानं?"

मी ताटावरून उठलो.

* * *

मग मी तिच्या जीपवर राग काढायला सुरुवात केली. चिडलो की माझं काम चांगलं होतं. खालची प्रत्येक नळी बदलली. स्प्रिंगा बदलल्या. ओढायचे हुक थेट चॅसिसला, जाड बोल्टांनी. बॅटरी दोन. डिझेलचे फिल्टर दोन. तिच्या गुडघ्यासाठी क्लच मऊ केला. फिटरना हात लावू दिला नाही. एकजण म्हणाला, "अण्णा, एवढं आपण कुणाचंच करत नाही." मी त्याला कामाला लावलं.

गाडी द्यायच्या दिवशी अक्कानं ताडपत्रीवर सामान मांडलं. दोघी मैत्रिणी टोप्या घालून बाजूला उभ्या. मी कंबरेवर हात ठेवून फेरी सुरू केली. अडवायचं ठरवूनच आलो होतो.

"कुकर का?"

"उंचीवर डाळ शिजत नाही."

"हे दोन पाट का?"

"जॅक मातीत रुततो. खाली पाट लागतो."

"स्टूल?"

"गुडघा."

"एवढी लिंबाची लोणची?"

"रस्ता बंद झाला तर ट्रकवाल्यांना द्यायला. लोणचं दिलेल्याला लोक आधी ओढून काढतात," एक मैत्रीण म्हणाली.

चाक राहिलं होतं. नट मी स्वतः आवळले होते, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच आवळले होते. अक्कानं पाना लावला, हातानं हलेना. मग तिनं साडीचा पदर खोचला, मैत्रिणीच्या खांद्याला धरलं आणि उजव्या पायानं पान्यावर उभी राहिली. नट करकरला आणि सुटला. पाचही असेच सुटले. स्टेपनी चढली. फिटरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्याकडे बघितल्यावर थांबले.

अक्कानं हात धुतले, पदर सोडला, आत गेली आणि खणातून किल्ली घेऊन आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती स्वतःसाठी किल्ली काढत होती.

तोपर्यंत मी माझी पिशवी ताडपत्रीवर आणून ठेवली होती. दोन शर्ट, स्वेटर आणि हत्यारांची पेटी.

"हे कुणाचं?"

"माझं. मी येतो. मनालीपर्यंत तरी."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? तिथं वर ना मेकॅनिक, ना फोन. मध्येच गाडी बंद पडली तर काय करणार तुम्ही तिघी?" माझा आवाज चढला होता. शेडमधली कामं थांबली. "सांग ना. बंद पडली तर?"

अक्कानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"गाडी कोणी तयार केलीय?" तिनं विचारलं.

मी ताडपत्रीवरून पिशवी उचलली आणि परत आत नेऊन ठेवली.