साहेबाच्या दारातला गणपती

संगमावरची इंग्रज साहेबाची काळ्या दगडाची कोठी आजही उभी आहे. लोक पोराबाळांना घेऊन ती बघायला येतात आणि सांगतात, पेशवाईत याच घरात बसून साहेब पुण्यावर नजर ठेवायचा. ठेवत असेल. मला आठवतं ते नदीवरच्या धुक्यात अर्धं बुडालेलं, बांधून व्हायचं असलेलं घर, आणि त्या धुक्यातून येणारा आमच्या ह्यांच्या छिन्नीचा आवाज. भाकरी घेऊन मी त्या आवाजाच्या मागोमाग जायची.

हे पाथरवट. हात सोन्याचा, डोकं मात्र कायम तंद्रीत. मोठ्या दारावरची पट्टी घडवायला बसले, ती पेठेतल्या घरांना घडवत आले तशीच घडवली, मधोमध गणपती. शेंदूर लावला, गूळखोबरं वाटलं, आणि मग ध्यानात आलं की घर साहेबाचं आहे.

"अहो, कुणाच्या दारावर काय बसवताय?" मी म्हणाले.

"हाताला काय ठाऊक, घर कुणाचं ते!"

साहेबाचा निरोप आला, चित्र छिलून टाका. पूजलेल्या देवावर छिन्नी कशी चालवायची? दोन दिवस हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी उलटी बसवली. कोरी बाजू बाहेर, देवाचं तोंड आत. मागे चुन्यादगडाचा भराव, आणि घराच्या आतल्या अंगाला लाकडी तुळई. साहेब खूश झाला.

ह्यांचं मन मात्र खात राहिलं. पेठेतल्या कात्रजच्या पाण्याच्या हौदावरून मी घागर आणली की हे आंघोळीला बसायचे, आणि अंगावर तांब्या ओतता ओतता हात थांबायचा. "त्याला कोण गं आंघोळ घालत असेल?" म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायची. पण मलाही ते बघवत नव्हतं.

मग खडकीकडून तोफा ऐकू आल्या, आणि आपल्याच माणसांनी कोठी पेटवली. आग निवल्यावर हे पहार घेऊन निघाले, मीही मागून. छप्पर गेलं होतं, भिंती तव्यासारख्या तापलेल्या. तुळई जळून भराव ढासळला होता आणि आत काजळीनं माखलेला तो बसला होता. मला रडूच फुटलं.

"काढा त्याला," मी म्हणाले. "घरी नेऊ."

ह्यांनी पहार लावली. वरचे चिरे कुरकुरले, चुना झरू लागला. पट्टी निघाली असती तर दारावरची सगळी भिंत खाली आली असती. साहेबाचं घर पडलं म्हणून कोण रडणार होतं? पण ह्यांनी पहार खाली ठेवली.

"घर त्याचं असेल. भिंत माझी आहे, आणि ती यानं धरलीय."

नदीवरून तांब्याभर पाणी आणून त्यांनी देवाला आंघोळ घातली. उपरण्यानं पुसला. आणि भराव पुन्हा आपल्या हातानं रचला.

पुढे साहेबाच्या माणसांनी नवं छप्पर घातलं. हे जाऊनही आता वर्षं झाली. मी अजून त्या वाटेनं जाते, दाराशी थांबते, हात जोडते. पेठेतल्या बायका म्हणतात, "म्हातारीला साहेबाचा भारीच पुळका! त्याच्या दगडांनासुद्धा नमस्कार."

आत देव आहे हे खरं सांगितलं, तर उद्या कुणीतरी भक्तीनं पहार घेऊन यायचं. ह्यांनी खाली ठेवलेली पहार मी दुसऱ्याला कशी उचलू देऊ? म्हणून ऐकून घेते.