गोल पानांची निलगिरी

आई नर्सरीतून आली की तिच्या हातांना बामसारखा वास येतो. पुष्पगुच्छांसाठी ती दिवसभर बुटक्या निलगिरीच्या फांद्या कापते. पाने रुपयाएवढी गोल, वर राखेसारखी पांढुरकी झाक.

काल मी तिला सांगणार होते, की कॉलेज आता झेपत नाही, मीही तुझ्याबरोबर कामाला येते. पण धीर होईना, म्हणून वहीचाच विषय काढला. वनस्पतिशास्त्राच्या वहीत याच झाडाचे जून पान चिकटवायचे होते. पुस्तकात ते लांब, विळ्यासारखे आहे.

"तसलं कुठनं येणार?" आई पाय चोळत म्हणाली. "झाड वर निघालं की आम्ही छाटतो. मग परत गोलच फुटतं."

"म्हणजे झाड मोठं होतच नाही?"

"वय होतं की. पानं तेवढी पोरवयाची राहतात."

आईची शाळा सातवीत सुटली होती.

आज तिने पिशवीतून एक लांब पान काढले. "पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं एक झाड हाय. त्याला मी कात्री लावत नाही. मुकादम ओरडतो, ओरडू दे."

पान चिकटवताना माझ्या बोटांनाही तोच वास लागला. माझा थकवा तसाच आहे. कॉलेजचे सांगायचे मात्र राहून गेले.