बोलणारा माणूस

मला इंग्रजी कळत होतं. हे आधी कबूल करतो.

लंडनमधल्या क्रॉयडनच्या शाळेत माझ्या मुलीच्या, समीक्षाच्या, ॲडमिशनची मीटिंग होती. बायको नर्स, तिच्या व्हिसावर आम्ही इथे आलो. त्या दिवशी तिची शिफ्ट होती. मी हॉस्पिटलात पोर्टर, पेशंटच्या ट्रॉल्या ढकलतो. एकट्याने जायची छाती झाली नाही. म्हणून आमच्याच हॉस्पिटलातले एक मराठी डॉक्टर सोबत नेले. माझं नाव शाळेत घालताना माझ्या बापानेही पाटलांचा माणूस नेला होता. साहेबापुढे आपण बोलायचं नाही, बोलणारा माणूस न्यायचा. बाप दाराबाहेर उभा राहिला होता. मला निदान खुर्ची मिळाली.

समीक्षाच्या मांडीवर मार्कशीटची फाइल होती. गणितात वर्गात पहिली. तिला पुढे फिजिक्स घ्यायचंय. ती फाइल उघडणार, तोच डॉक्टर शिक्षिकेला म्हणाले, "दीज आर नॉट अकॅडमिक पीपल. डोन्ट पुश हर."

मग माझ्याकडे वळून मराठीत, "सांगितलंय हो मी, मुलीकडे नीट लक्ष द्या म्हणून."

मी काय म्हणालो? "उपकार झाले, डॉक्टरसाहेब." आणि फॉर्मवर सही केली. तिला गणिताच्या सगळ्यांत खालच्या सेटमध्ये, म्हणजे कच्च्या मुलांच्या गटात टाकलं. तिथल्या पेपरात कितीही चांगलं लिहा, वरची ग्रेड मिळतच नाही; त्यासाठी वरच्या सेटचा हायर पेपर लागतो.

ट्राममध्ये समीक्षाने विचारलं, "पप्पा, ते काय म्हणाले ते कळलं ना तुम्हाला?"

"नाही गं. फार फास्ट बोलले."

जागा असून मी उभाच होतो.

महिनाभर ती नववीतली मुलगी सहावीतले अपूर्णांक सोडवत होती. घरी बोलेना. फाइल कपाटावर गेली. मी ट्रॉल्या चुकीच्या वॉर्डात न्यायला लागलो. ते वाक्य कानातून जाईना.

एक दिवस लिफ्टपाशी डॉक्टर भेटले. "काय, रमली का मुलगी? ब्यूटीचा कोर्स बघा तिच्यासाठी. लवकर कामाला लागेल."

मी ट्रॉलीला ब्रेक लावला.

"त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते मला कळलं होतं, डॉक्टर."

ते हसले. "अहो, मग तेव्हाच बोलायचं की!"

खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी फाइल काढली. कामावरून युनिफॉर्मवरच शाळेत गेलो. फाइल टेबलावर उघडून ठेवली.

"आय ॲम फादर. आय स्पीक. गिव्ह हर टेस्ट. हायर पेपर."

शिक्षिकेने मार्कशीट पाहिली. हे आधी कुणी का दाखवलं नाही, तिने विचारलं.

"माय मिस्टेक," मी म्हणालो.

टेस्ट गुरुवारी ठरली. मी गेटवर थांबलो. शाळा सुटली. समीक्षाने मला पाहिलं, माझ्या हातातली फाइल पाहिली.

"आज कोणाला आणलंत?"

"कुणालाच नाही. समीक्षा, मला तेव्हाच कळलं होतं. मी खोटं बोललो. त्यांनी तुझा अपमान केला आणि मी त्यांचे उपकार मानले. मला माफ कर. यापुढे आपल्या वतीने दुसरं कुणी बोलणार नाही. मोडकंतोडकं असेल, पण मीच बोलेन."