मागून आला, मागून आले

माझ्या नातीनं बंदुकीचा गेम बनवला आणि त्यात माझा आवाज घातला. नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या घरी, वरच्या खोलीत, तिनं आणि तिच्या एका मैत्रिणीनं मिळून तो बनवला. त्यासाठी नातीनं नोकरी सोडली होती. सून कुरकुरायची. मला त्यातलं काही समजत नव्हतं, पण पोरगी जेवायला खाली यायचं विसरते, एवढं दिसत होतं.

या गेममध्ये खेळणाऱ्याला स्वतःचं तोंड दिसत नाही. समोर फक्त बंदूक आणि ती धरलेले दोन हात. मौद्याच्या वीजकेंद्राला आहेत तशा धुराच्या उंच चिमण्या, खाली राखेनं भरलेलं ओसाड गाव, आणि राखेतून उठणारे शिपाई. त्या गावात एक म्हातारी उरली आहे. ती दिसत नाही. खेळणाऱ्याच्या कानात वायरलेसवरून सांगत राहते, इकडून जा, खाली बस, मागून आले. ती म्हातारी मी.

नातीनं मला गाद्यांच्या कपाटात बसवलं. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी गोधड्या लावल्या, पुढे माइक ठेवला. हातात कागद देऊन म्हणाली, "आजी, नीट बोल हं."

तिच्या मनात होतं, स्पष्ट बोल. मी वेगळाच अर्थ घेतला.

मी चौथी शिकले. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाशी कसं बोलायचं, ते मी चौथीपेक्षा जास्त मेहनतीनं शिकले. डॉक्टर, बँकवाले, सुनेच्या माहेरची पुण्याकडची माणसं. त्यांच्यापुढे 'मले' म्हटलं की तोंडावर जे बारीक हसू येतं, ते मला लांबून ओळखू येतं. म्हणून घरात 'मले, तुले' आणि बाहेर 'मला, तुला'. फोन उचलला तरी जीभ आपोआप बदलते. हे लिहितानाही हात तसाच चालतो आहे. माइक तर फोनचा बाप.

कागदावर सगळीकडे 'तुले' आणि 'त्याले'. मला वाटलं, पोरगी इंग्रजी शाळेतली, मराठी कच्चं राहिलं. तिची लाज झाकावी म्हणून मी वाचता वाचता एकेका 'ले'चा 'ला' करत गेले. त्याच ओघात 'मागून आले'चं 'मागून आला' झालं. माझ्या लक्षातही आलं नाही. कपाटातून घामानं भिजून बाहेर आले, पण फार खूश होते.

"जमलं ना वं?" मी विचारलं.

"जमलं, आजी," ती म्हणाली. जरा थांबून म्हणाली. ते थांबणं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

गेमच्या आधी त्याची जाहिरात आली. धूर, बंदूक, राखेतले शिपाई आणि वर माझा आवाज, "बाळा, मी तुला वाट दाखवते." खाली लिहिलेलं, नागपूरच्या आजीचा आवाज. मैत्रिणीनं ती सगळ्यांच्या मोबाइलवर पाठवली. दुसऱ्या दिवशी गिरणीत शेजारणीनं सगळ्या बायकांसमोर ती वाजवली.

"काहून वं, तुम्ही पुण्याले कधी गेलते? आम्हाले सांगितलंबी नाही!"

"तुमचं पीठ सांडून राहिलं, तिकडे पाहा," मी म्हटलं.

"बाळा, मी तुला वाट दाखवते," ती माझा आवाज काढून म्हणाली. गिरणीवालासुद्धा हसला. मी गरम डबा उचलला आणि पदरानं न धरताच घरी आले. बोटं भाजली.

पण खरी लाज गेम विकायला आल्यावर वाटली. खेळणारे लिहू लागले की ही म्हातारी खोटं बोलते. "मागून आला" म्हणते, म्हणून आम्ही वळतो, एका शिपायाला गोळ्या घालतो, तोवर बाकीचे येऊन आम्हाला संपवतात. टोळीच्या टोळी यायची आणि मी दर वेळी एकच आल्याचं सांगायची. कोणी लिहिलं, आजी शत्रूला मिळाली आहे. माझी नक्कल करणारे व्हिडिओ निघाले. नातीला आणि मैत्रिणीला गेम पाठ होता, कुठून किती येतात ते न ऐकताही माहीत होतं, म्हणून त्यांना खटकलं नव्हतं. लोक गेम परत करू लागले. शेवटी नातीनं तो विक्रीतून काढून घेतला.

मी तांदूळ निवडत होते. ती समोर येऊन बसली.

"आजी, कागदावर 'आले' होतं. तू 'आला' काहून म्हटलं?"

"तूच म्हटलं ना, नीट बोल. मी शुद्ध बोलली. तुझं मराठी सारं चुकलेलं होतं."

"चुकलेलं नव्हतं. मी तुझ्यासारखं लिहिलं होतं."

मी खडे शोधत राहिले. तांदळात खडे नव्हते.

"तुझं 'तुला, मला' मी तेव्हाच ऐकलं होतं," ती म्हणाली. "पण तू एवढी खूश होती. मला सांगवलं नाही."

म्हणजे तिनं माझं बोलणं ऐकून ऐकून, जपून लिहिलं आणि मी ते मळ पुसावा तसं पुसलं. मी तिची लाज झाकायला गेले होते आणि ती माझी झाकत होती.

दुरुस्ती करून गेम पुन्हा आणायचं ठरलं. या वेळीही पडला तर वरची खोली बंद करून नोकरी शोधायची. हे नातीनं सांगितलं नाही, सुनेनं सांगितलं.

मी पुन्हा कपाटात बसले. जीभ वळेना. एक तर 'तुला' यायचं, नाही तर टीव्हीवर गावठी माणसाची टिंगल करतात तसं ताणलेलं 'तुलेऽऽ'. माझ्याच घरातली भाषा मला नक्कल केल्यासारखी येत होती. नात हळूच म्हणाली, "राहू दे आजी, मी दुसऱ्या कोणाला पाहते."

"थांब," मी म्हटलं आणि शेजारणीला हाक मारली. तिच्यासमोर 'मला' म्हणायची माझी हिंमत नव्हती.

ती कपाटासमोर चटईवर बसली. "इथं काहून बसून राहिल्या वं? अंडे घालता काय?"

"चूप बसा. तुमच्या मागून शिपाई आले."

"किती आले?"

"लय आले! पया ना वं! बसून काय राहिल्या?"

"माझे गुडघे दुखते. मी नाही पयत."

नातीनं सगळं तसंच घेतलं. तिचं बोलणं माझ्या बोलण्यातून वेगळं निघेना, म्हणून आता गेममध्ये दोन म्हाताऱ्या आहेत.

नव्या जाहिरातीत काय लिहायचं, असं नातीनं विचारलं. 'आजी आता आपल्या बोलीत' असं मैत्रिणीनं सुचवलं होतं.

"तसं नको," मी म्हटलं. "लिही, पहिल्या वेळी आजीले आपल्या बोलीची लाज वाटली, म्हणून तुम्ही मेले."

"खरंच लिहू?"

"लिही. अन् तुझ्या मायच्या माहेरीबी पाठव."

तसंच छापून आलं. लोक खेळू लागले. वरची खोली अजून उघडी आहे.

काही दिवसांनी कोणा वार्ताहराचा फोन आला. त्याला गेममधल्या आजीशी बोलायचं होतं. नातीनं हसत मोबाइल माझ्या कानाला लावला.

"बोला ना," मी म्हटलं, "मला ऐकू येतंय."

नातीचं हसू थांबलं. खाली बसून चार्जरची वायर गुंडाळत राहिली.