शेल्याला दाखवलेलं ऊन

मावळातल्या रिहे गावच्या तानूबाईला गप्प बसणं ठाऊकच नव्हतं. मेंढरांमागं डोंगर तुडवून आली तरी दारात कुणी दिसलं, की आधी भाकरी वाढायची, मग चौकशी. अशा या धनगराच्या बाईकडे गावदेवीचा रेशमी शेला सांभाळायचा मान होता, आणि त्या मानावर तिचा जीव होता.

शेला तीन पिढ्यांचा, डाळिंबी रंगाचा. तो उलगडायचा फक्त देवीसमोर. एरवी जुन्या घडीवरच घडी, वर दाबायला दगडी पाटा, आणि दसऱ्याआधी घडीसकट देवळाच्या चौथऱ्यावर ऊन दाखवायचं. सासू नऊ दिवस दाखवायची. तानूबाई हौशी, ती महिनाभर दाखवायची.

१९२६च्या दसऱ्याला शेला उलगडला आणि घडीवरच चरचरत उभा चिरला. सगळ्यांदेखत साळूबाई, गावातली मोठी शेतकरीण, म्हणाली, "तानूच्या हातालाच दोष हाय." मान कुणाकडे ठेवायचा ते चैत्राच्या जत्रेत ठरवायचं, असं गावानं ठरवलं. त्या दिवशी तानूबाई जेवली नाही.

पाटील हैबतराव शहाणा माणूस. त्यांच्या ओळखीचे शिधये मास्तर पुण्याच्या कॉलेजात रसायन शिकवत. जुनं रेशीम का विरतं याचा त्यांना नाद लागला होता. बैलगाडीतून पितळी सूक्ष्मदर्शक मांडीवर धरून ते आले. शेल्याला त्यांनी कात्री लावली नाही, गळून पडलेले धागेच तेवढे चिमट्यानं उचलले. एकेका धाग्याला ते बारीक वजनं टांगत. घडीच्या आतल्या धाग्यानं बारा वजनं पेलली. बाहेरचा धागा दोनांतच तुटला. दुमडीवरच्याला एकही सोसेना.

"मावळातला पाऊस," मास्तर म्हणाले. "वरच्या पदराला दमट हवा लागली असणार."

तानूबाई खळखळून हसली. इतक्या दिवसांनी ती पहिल्यांदाच हसत होती. "मास्तर, हिकडं या," म्हणत तिनं त्यांना मेंढरांच्या वाड्यात नेलं आणि एका मेंढीची लोकर बोटांनी फाकवली. पाठीवरची टोकं पिवळी पडलेली, चिमटीत धरताच तुटणारी. पोटाखालची मऊ, चिवट. "भिजतं तर सगळंच मेंढरू. ऊन मातुर पाठीलाच लागतंय."

मास्तर लेंड्यांतच उकिडवे बसले आणि पाच-सहा मेंढ्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. "रेशीमही प्राण्याचंच की," ते पुटपुटले. धोतराची पार वाट लागली होती, पण त्यांचा चेहरा उजळला होता.

पुण्याला जाऊन त्यांनी नवं रेशीम खिडकीत टांगलं. अर्धं उघडं, अर्धं काळ्या कापडाखाली. फाल्गुनात पत्र आलं. झाकलेला धागा धड होता, उघडा कमजोर झाला होता. ऊन दाखवू नये, घडी घालू नये, जाड वेळूवर धुतलेलं मऊ धोतर लपेटून त्यावर शेला गुंडाळावा.

हैबतरावांनी पत्र वाचून दाखवलं. तानूबाई म्हणाली, "म्हंजी म्याच त्येला भाजला."

"गावाला कशाला सांगतीस?" पाटील हळूच म्हणाले. "जुना झाला, इरला, एवढं बास हाय."

पण तानूबाईच्या पोटात काही राहील तर ना! जत्रेत ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "सासू नऊ दिस ऊन दावायची, म्या महिना दावला. चूक माजी हाय. मान कुनाला बी द्या, पर त्येला उन्हात घालू नगा."

देवळात कुजबुज उसळली. हैबतराव उठले. "जिला चूक कळली तिच्याकडंच शेला ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याकडं दिला, तर हौसेनं पुन्यांदा ऊन दावतील." गाव हसलं, आणि मान जागच्या जागी राहिला. तानूबाईला आनंदानं रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसत ती मोठमोठ्यानं हसत होती.

वेळूवर गुंडाळलेला शेला घरी न्यायला दोन माणसं लागणार होती, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बायका पुढे सरसावल्या. तानूबाईनं मात्र मागे उभ्या साळूबाईला हाक मारली. साळूबाई आली, तिनं वेळूचं टोक धरलं, पण उचललं नाही.

"तानू, माज्या हातात पुन्यांदा चिरला तर गं?"

"चिरू दे," तानूबाई म्हणाली. "तुज्या हाताला कुनी दोष द्यायचा न्हाई. म्या हाय न्हवं. चल."