अडकित्त्यातला खडा

जिवाणूंचा मनापासून आदर करणारा माणूस अख्ख्या जगात एकच आहे, आणि तो मूल या गावी राहतो. ते माझे थोरले साडू. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात असं लोक म्हणतात. माझ्या मते ते फक्त जिवाणूंची बाजू मांडतात. "आपण औषध काढलं, त्यायनं औषध कापाची कातर काढली. हुशार कोण?" हा प्रश्न त्यांनी मला साक्षगंधात विचारला आहे, तेराव्याच्या पंगतीत विचारला आहे आणि एकदा माझा दात दुखत असताना दवाखान्याच्या बाकावरही विचारला आहे.

कोणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी ते औषधांचा डबा मागतात. आमच्याकडे ताप उतरला की उरलेल्या गोळ्या जपून ठेवायची रीत आहे. पुढच्या वेळी उपयोगी पडतात, नाहीतर शेजाऱ्याला देता येतात. साडूभाऊंना त्या डब्यात साप दिसतो. माझ्या व्याह्यांच्या घरी, पहिल्याच भेटीत, त्यांनी विहीणबाईंना विचारलं, "पाचातल्या तीनच खाल्ल्या. दोन काऊन ठेवल्या, बाई?" विहीणबाईंना वाटलं, मुलाकडचे लोक फार चौकशी करतात. सोयरीक टिकली ती माझ्या बायकोमुळे.

त्यांचं संशोधन मला समजलं ते अडकित्त्यामुळे. औषध म्हणजे सुपारी. जिवाणूचं एन्झाइम म्हणजे अडकित्ता. नवी सुपारी आणली तर तो तीही कातरणार. "मंग सुपारी बदलाचीच नाई," ते म्हणाले आणि माझ्या हातातल्या अडकित्त्याच्या फटीत त्यांनी एक खडा अडकवला. "आता कातर." अडकित्ता मिटेना. असा खडा ते अकरा वर्षं झाडांच्या सालींत शोधत होते. जुनं औषध आणि सोबत हा खडा, म्हणजे जुनंच औषध पुन्हा चालायला लागेल. माझा अडकित्ता मात्र तेव्हापासून नीट लागत नाही.

दर उन्हाळ्यात ते एटापल्लीकडे जायचे. तिथे जखमांना सालींचा काढा लावणारा एक म्हातारा गोंड होता. साडूभाऊ त्याला बाबा म्हणत. बाबा झाड दाखवायचा, हे बोटभर साल काढायचे आणि झाडाला नमस्कार करून परत यायचे. दर वर्षी बाबा विचारायचा, "जमलं का?" आणि हे म्हणायचे, "नाई जमलं."

तीन वर्षांपूर्वी बाबाने ऐनाची साल दिली आणि जमलं. एन्झाइमने औषध कापलं की परीक्षानळीतला पिवळा रंग लाल होतो. या वेळी तो पिवळाच राहिला. साडूभाऊंनी मला फोनवर "पिवळा, पिवळा" एवढंच सांगितलं. मला वाटलं कावीळ झाली. मग त्यांनी शोधनिबंध लिहिला, त्यावर बाबाचं नाव स्वतःच्या आधी घातलं, आणि तो एका नियतकालिकाने स्वीकारलाही. एटापल्लीला जाऊन त्यांनी बाबाला सांगितलं. बाबाने गावजेवण घातलं.

निबंध छापायला जाण्याआधीच्या रविवारी ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, मटण मऊ व्हावं म्हणून त्यात कच्ची पपई किसून घातली. पपईतही एन्झाइमच असतं. साडूभाऊंनी त्यातले चार तुकडे वाटीत काढले आणि वर आपला सालीचा अर्क ओतला. दुपारी पातेल्यातलं मटण बोटाने तुटत होतं, वाटीतलं चामड्यासारखं झालं होतं.

"आता पपईलेबी अडवून राह्यले का?" ताई म्हणाल्या.

साडूभाऊ जेवले नाहीत. खडा एकाच अडकित्त्यात बसायला हवा. हा जे समोर येईल त्याला चिकटत होता. तो सालीचा तुरटपणा होता, ज्याने कातडं कमावतात तो. प्रत्येक सालीतून ते तो आधी काढून टाकत. या एकाच सालीतून काढला नव्हता, कारण बाबाने सांगितलं होतं, मडक्यात उकळा आणि दुसरं काही करू नका. बाबाचा मान राखायला गेले आणि पहिल्या वर्षाच्या पोराची चूक करून बसले.

"कोणाले कळणार आहे?" मी म्हणालो. मला त्यांची कीव आली होती, खरं सांगतो.

"कळाचं सोड. उद्या कोणी याच्यावर आपली दहा वर्षं घालवीन." त्यांनी निबंध परत मागवला.

मग बाबाला सांगायला मी त्यांच्यासोबत गेलो. वाटेतल्या आलापल्लीपर्यंत ते काय बोलायचं ते घोकत होते. प्रत्यक्षात म्हणाले, "बाबा, नाई जमलं. चूक माही होती. झाडाची नाई, तुमची नाई."

बाबाने बिडी पेटवली. "मले त्यातलं काई समजत नाई," तो म्हणाला. "पन आता तुमचं येनं बंद होईन का?"

ज्या माणसाला जिवाणूंच्या वतीनेही उत्तरं सुचतात, तो चष्मा पुसत बसला. शेवटी मीच मध्ये पडलो, "येतीन ना, काऊन नाई येनार." साडूभाऊ येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत, प्रयोगशाळेची किल्ली कॉलेजला परत द्यावी लागणार आहे, हे बाबाला सांगायला माझीही जीभ वळली नाही. बाबा उठून पुढच्या वर्षी कोणतं झाड द्यायचं ते आम्हाला लांबून दाखवत होता.