बाभळीवरचे गळ

अक्का वाकायच्या त्या कमरेतून. गुडघे मुडपायच्या नाहीत. डाव्या हातात पाटी. उजव्या हातानं खापरी उचलायची, अंगठ्यानं तिची धार बघायची आणि म्हणायचं, "इरली." त्यांच्या घरात कानडी बोलत. इरली म्हणजे असू दे. कुणी टाकली, कशाला टाकली, ते असू दे. खापरी पाटीत.

उन्हाळ्यात तुम्ही कुणी तळ्याकाठी उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. पाणी मागं सरतं आणि बुडालेलं सगळं उघडं पडतं. अणदूरला खंडोबाला जाणारी माणसं आमच्या तळ्यावर उतरायची, भाकरी खायची आणि उठून चालायची. मागं फुटकी मडकी, पत्रावळी, बांगड्यांच्या काचा. ते सगळं अक्का एकट्या वेचायच्या. घर लिंगायत वाण्याचं, लेकाचं किराणा दुकान, खायला कमी नाही. गावात हसायचे, की वाण्याची म्हातारी आता खापऱ्यांचं दुकान काढणार.

मी भोई. त्या तळ्यातला मासा आमच्या घरचा, असं माझा बाप सांगायचा आणि मीही सांगायचो. म्हणून रोज गाठ पडायची.

एकदा विचारलं, "अक्का, हे कशापायी करताव?"

त्यांनी बोट दाखवलं. मला नुसते खडे दिसले. नीट बघितलं तर त्या खड्यांत चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची. टिटवीची. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून बोंबलत होती.

"पाखराला चप्पल न्हाय, तम्मा," त्या म्हणाल्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मग वर बघून, "ही बघ, माझ्या सुनेवाणी. म्या काय बी केलं न्हाय, तरी वरडतीया."

पाटी भरली की त्या धोंड्यावर बसायच्या आणि कपाळाला आडवा हात लावून बघत राहायच्या. पाणकावळा पंख वाळवायला बसला की म्हणायच्या, "आला बघ, धोतर वाळत घालून बसला." गुरं पाण्यावर आली की उठून अंड्यांच्या आड उभ्या राहायच्या. बैल शिंगं हलवायचा, पण त्या हलायच्या नाहीत.

माझं त्यांचं वाजायचं ते गळांवरून. तुटकी दोरी, गंजलेले गळ मी काठावरच टाकायचो. अक्का माशाच्या वस्तूला हात लावत नसत. दोन काटक्यांच्या चिमट्यात गळ धरून आणायच्या आणि काठच्या बाभळीवर अडकवून ठेवायच्या.

"तम्मा, तुझं दागिनं घिऊन जा."

"टाकलेलं म्या परत घेत न्हाय."

"मग टाकतूस कशाला?"

"माझं तळं हाय."

"व्हय? तळं तुझं, अन् घाण माझी?"

त्या हसायच्या. मी हसत नव्हतो. पोटाला मिळवणारा माणूस मी, म्हातारीच्या सांगण्यावरून वाकू कशाला? बाभळीवर गळ वाढत गेले. पंधराएक झाले असतील. वारं सुटलं की किणकिणायचे.

रझाकारांच्या साली, चैतात, त्यांतला एक गळ खाली पडला. अक्का अनवाणी अंड्यांकडं निघाल्या होत्या. मी पाण्यात होतो. हाक आली ती साधीच. "तम्मा, जरा ये."

डाव्या तळव्यात गळ पुरता रुतला होता. गाठ माझीच. आमच्या घरात गाठ उलटी मारतात. गळाला उलटं टोक असतं. मागं ओढला तर मांस घेऊन येतो, म्हणून पुढं दाबून पार काढावा लागतो. मी काढला. अक्कांनी पदर दातात धरला होता. मी गळ पाण्यात भिरकावला. उठून उरलेले सगळे बाभळीवरून उपसले आणि तेही भिरकावले.

"घरी म्या बाभळीचा काटा म्हणती," त्या म्हणाल्या. "लेक तापट हाय. तुझं तळ्यावर येणं बंद करील. तू गप ऱ्हा."

मी त्यांना पाठीवर घेऊन घरी पोचवलं. वजन काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाय सुजला, ताप चढला. लेकानं मला बोलावलं. वैद्य बसलेले होते. ते म्हणाले, "लोखंड लागलं असंल तर आत्ताच गाडी जुंपा, तालुक्याला सुई देतील. काटा असंल तर पोटीस बांधू." त्या साली रस्त्यावर गाडी काढायला माणसं भीत होती. लेक माझ्याकडं वळला.

"तू व्हतास न्हवं तिथं? काटाच व्हता का?"

अक्का भिंतीशी निजल्या होत्या. डोळे माझ्यावर. मी बोलावं म्हणून बघत होत्या की बोलू नये म्हणून, ते मला कळलं नाही. आजही सांगता येत नाही.

"काटाच," मी म्हणालो. "बाभळीचा."

पोटीस बांधलं.

आठव्या दिवशी दातखीळ बसली. पाण्याचा थेंब आत जाईना. मग गाडी जुंपली. ती वाटेवरच्या जळकोटापर्यंतसुद्धा पोचली नाही, मधूनच फिरली.

मी तेव्हा जाळं दुरुस्त करत होतो. बातमी आली तरी करत राहिलो. छातीत काही हललं नाही. रडू येईल म्हणून थांबलो, तर भूक लागली. मी जेवलो.

लिंगायतांत माणसाला बसवून नेतात. पालखीसारखं विमान सजवलं, बेलाच्या डहाळ्या लावल्या, कपाळाला विभूती. लेक माझ्या दारात आला. डोळे सुजलेले. म्हणाला, "तूच तिला पाठीवर आणलंस. भोयाचा खांदा पालखीचा. आता बी तूच दे."

कुणीतरी कुरकुरलं. लेक म्हणाला, "देऊ द्या त्याला."

मी पुढचा डावा खांदा धरला. अक्का वर ताठ बसल्या होत्या आणि पट्टी बांधलेला पाय खाली सुटला होता. वाटभर तो माझ्या कानाला लागत होता. बाकीच्या तिघांनी दोनदा खांदा बदलला. माझ्या जागी यायला एकजण पुढं झाला, त्याला मी मान हलवून नाही म्हणालो.

लोक पुष्कळ दिवस सांगत होते, भोयानं शेवटपर्यंत खांदा बदलला नाही. बदलला नाही, एवढं खरं.